मोहिमेतला चकवा कसा उलगडावा

लष्करी इतिहासावर बोलणारी आणि लिहिणारी माणसे छाप्याची हकीकत सांगताना बहुधा छापा घालणाऱ्याच्या मागोमाग चालतात. त्याने बेत कसा रचला, माणसे कशी निवडली, कोणत्या वाटेने कूच केले, हे सारे रंगवून सांगितले जाते आणि ज्याच्यावर छापा पडला तो जणू आधीपासून डोळे मिटूनच बसला होता, असे धरून चालतात. वास्तविक शायिस्ताखान, निजामुल्मुल्क किंवा १९४४ सालचे फ्रान्समधले जर्मन सेनापती ही कसलेली माणसे होती. त्यांच्याकडे हेर होते, पहारे होते, अनुभव होता आणि फौजही थोडीथोडकी नव्हती. अशी माणसे का फसली, हा खरा प्रश्न आहे. चकव्याचा अभ्यास फसलेल्या माणसापासून सुरू करावा, फसवणाऱ्यापासून नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि पुढची सगळी पद्धत त्याच मतावर उभी आहे.

इतिहासाचे शिक्षक, गडकोटांवर माहिती सांगणारे, व्याख्याने देणारे आणि हौसेने लेखन करणारे अशांना एखाद्या मोहिमेतली हुलकावणी कागदावर नीट मांडता यावी, एवढाच येथे हेतू आहे. मुख्य उदाहरण म्हणून बाजीराव पेशव्यांची १७२७-२८ ची पालखेडची मोहीम घेतली आहे. लाल महाल, नॉर्मंडी (१९४४ साली दोस्तांच्या फौजा फ्रान्सच्या ज्या किनाऱ्यावर उतरल्या तो प्रदेश) आणि आणखी एकदोन प्रसंग जिथे उपयोगी पडतील तिथे तुलनेला येतील.

आधी समजूत लिहून काढावी

कोऱ्या कागदावर सर्वांत आधी एकच वाक्य लिहावे: अमुक तारखेला फसलेल्या पक्षाची समजूत काय होती? हे वाक्य शक्य तितके नेमके असावे. ‘शत्रू बेसावध होता’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण त्यातून काहीच कळत नाही. ‘मुख्य हल्ला कॅलेच्या किनाऱ्यावर होईल आणि दुसरीकडे काही झालेच तर ती हूल असेल’, हे वाक्य उपयोगी आहे. १९४४ च्या वसंतात जर्मन सेनानेतृत्वाची साधारण अशीच समजूत होती आणि ती मूर्खपणाची अजिबात नव्हती. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातली खाडी कॅलेजवळ सर्वांत अरुंद, म्हणजे सुमारे ३३ किलोमीटर आहे. तिथे उतरणाऱ्या फौजेला इंग्लंडमधल्या विमानतळांवरून लढाऊ विमानांचे छत्र सहज मिळाले असते आणि तिथून जर्मनीची सरहद्दही जवळ होती. नकाशा समोर ठेवून कोणीही शहाणा अधिकारी कॅलेकडेच बोट दाखवील.

दोस्तांच्या हुलकावणी विभागाने ही समजूत जर्मनांच्या डोक्यात घातली नाही. ती तिथे होतीच. तिला रोज थोडेथोडे खतपाणी घातले गेले. अमेरिकन जनरल पॅटन यांच्या हाताखाली कॅलेसमोरच्या इंग्लंडच्या आग्नेय भागात एक अवाढव्य सैन्यगट जमला आहे असे दाखवले गेले. हा सैन्यगट मुख्यतः कागदावर, बिनतारी संदेशांत आणि खोट्या नौका-रणगाड्यांत होता. नॉर्मंडीवर जेवढे बाँब टाकले त्याहून अधिक कॅलेच्या बाजूला टाकले गेले. ज्या मोहिमेचा अभ्यास करायचा तिच्याबद्दलही हेच विचारावे: फसवणाऱ्याने नवी समजूत निर्माण केली, की असलेली समजूत जपली? माझ्या वाचनात यशस्वी हुलकावण्यांपैकी बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या निघाल्या आहेत. माणसाचे मत बदलायला ढीगभर पुरावा लागतो. आहे ते मत पक्के करायला एखादी आवई पुरते.

१९७३ च्या ऑक्टोबरात इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर केलेला हल्लाही याच कसोटीवर तपासता येतो. लांब पल्ल्याची विमाने आणि क्षेपणास्त्रे हाती आल्याशिवाय इजिप्त युद्धात उतरणार नाही आणि इजिप्तशिवाय सीरिया उतरणार नाही, ही इस्रायली लष्करी गुप्तवार्ता विभागाची पक्की धारणा होती. पुढे येणारी प्रत्येक खबर या धारणेच्या चाळणीतून गाळली गेली. समजूत नेमकी लिहिली की कोणती खबर का दुर्लक्षिली गेली हे आपोआप दिसू लागते.

चार रकान्यांचा तक्ता

समजूत लिहून झाली की तक्ता करावा. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात आक्रमक पक्ष खरोखर काय करत होता, तिसऱ्यात दुसऱ्या पक्षाला काय दिसले किंवा कळले, आणि चौथ्यात त्या पक्षाने त्यावर कोणता निर्णय घेतला. तिसरा रकाना भरणे सर्वांत कठीण, आणि बहुतेक लेखक तोच गाळतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांतले अंतर म्हणजे चकवा. तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यांतला काळ म्हणजे त्या सैन्याची संथगती किंवा चपळाई.

पालखेडची मोहीम या तक्त्यात बसवून पाहू. निजामुल्मुल्काने दख्खनच्या सुभ्यावरील चौथ आणि सरदेशमुखी देण्याबाबत खोडा घातला. शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे यांच्यात खरा हक्कदार कोण, असा प्रश्न उपस्थित करून त्याने संभाजीराजांचा पक्ष उचलला. १७२७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस बाजीराव बाहेर पडले ते निजामाच्या मुलुखात घुसले. जालना आणि सिंदखेडच्या बाजूला त्यांनी लूट केली आणि तिथे निजामाचा सरदार ऐवजखान याच्याशी चकमकही झाली. चौथ्या रकान्यात या वेळी एवढेच लिहावे लागते की निजाम पाठलागाला लागला. ज्याच्या पाठीशी अवजड तोफखाना आहे त्याने तोफखाना नसलेल्या घोडदळाचा पाठलाग करायचे ठरवले, ही नोंद अधोरेखित करून ठेवावी.

पुढच्या ओळीत बाजीराव उत्तरेकडे वळतात आणि बुऱ्हाणपूर लुटणार अशी हवा होते. बुऱ्हाणपूर हे मोठे, संपन्न शहर. ते गेले असते तर निजामाची अब्रू आणि महसूल दोन्ही गेले असते. म्हणून तो तिकडे धावला. बाजीराव मात्र तिथे थांबले नाहीत, ते गुजरातेत उतरले. तिथला मोगल सुभेदार सरबुलंदखान याच्या मनात, बाजीरावांच्या या स्वारीला निजामाचीच फूस आहे असा संशय पेरला गेला, असे इतिहासकार सांगतात. एकाच हालचालीत निजाम दमला आणि त्याच्याबद्दल शेजारच्या सुभ्यात वाकडे मतही तयार झाले.

आता निजामाने जे केले त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे. पाठलागात अर्थ नाही हे ओळखून त्याने स्वतःच चाल बदलली आणि तो संभाजीराजांना बरोबर घेऊन पुण्यावर आला. पेशव्यांचे घर धोक्यात आले की पेशवा धावत येईल आणि मग मोकळ्या मैदानात, तोफांच्या टप्प्यात, त्याच्याशी गाठ घालता येईल, हा आडाखा त्यामागे असला पाहिजे. आडाखा वाजवी होता. चिमाजी आप्पा शाहू महाराजांजवळ रक्षणाला ठेवलेले होते, पण पुणे निजामाच्या हाती गेले होते आणि या घडीला कोणीही दुसरा सरदार असता तर पुण्याकडे वळला असता.

बाजीराव वळले नाहीत. ते गुजरातेतून निघाले ते थेट औरंगाबादच्या रोखाने, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या ठाण्यावर. तक्त्यातली ही ओळ संपूर्ण मोहिमेचा कणा आहे आणि इथे अभ्यासकाने थांबून दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात. एक म्हणजे बाजीरावांनी निजामाची हूल ओळखली आणि तिला उत्तर दिले नाही. चकवा देणे जितके महत्त्वाचे तितकेच चकव्याला न बधणेही. दुसरी म्हणजे औरंगाबादचा धोका खोटा नव्हता. निजाम आला नसता तर बाजीरावांनी ते शहर खरोखरच लुटले असते. ज्या हुलीमागे खरी ताकद उभी असते तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची चैन समोरच्याला परवडत नाही.

निजामाला पुणे सोडून उत्तरेकडे धावावे लागले आणि या घाईत अवजड तोफा मागे पडल्या. ज्या शस्त्राच्या जोरावर त्याला लढाई हवी होती तेच शस्त्र त्याच्याजवळ राहिले नाही. १७२८ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस गोदावरी ओलांडून पुढे आल्यावर वैजापूरजवळ पालखेडच्या परिसरात मराठी घोडदळाने त्याला घेरले, दाणागोटा तोडला आणि पाण्याची कोंडी केली. मोठी रणधुमाळी झालीच नाही. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. निजामाने शाहू महाराजांचा चौथ-सरदेशमुखीचा हक्क मान्य केला आणि संभाजीराजांची पाठराखण सोडली.

जाता जाता एक सूचना. पालखेड नावाने शोधले की नाशिक जिल्ह्यातले कादवा नदीवरचे पालखेड धरणच समोर येते. लढाईचे पालखेड वैजापूर तालुक्यातले. नकाशावर खूण करण्याआधी गावाचे नाव कोणत्या तालुक्यात आहे हे पाहून घ्यावे, नाहीतर अंतरे आणि मजला सगळ्याच चुकतात.

तक्त्यासोबत अंतरांचा नकाशा हवाच. आजच्या महामार्गाने दिसणारे किलोमीटर उपयोगाचे नाहीत. नदीचे उतार, घाट आणि पाण्याच्या जागा यांच्या हिशेबाने मार्ग काढावा. तोफा ओढणाऱ्या बैलांचा वेग हाच अखेर निजामाच्या संपूर्ण फौजेचा वेग होता, आणि बाजीरावांच्या स्वारांचा वेग त्यांच्या घोड्यांचा. हा फरक ज्याच्या नकाशात दिसत नाही त्याला पालखेडचा चकवा कधीच समजणार नाही.

तारखेपेक्षा तिथी जास्त सांगते

लाल महालावरचा छापा ५ एप्रिल १६६३ च्या रात्री पडला, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन कालगणनेतली आहे. आजच्या कालगणनेने ती १५ एप्रिल होते. सतराव्या शतकातल्या इंग्रजांच्या पत्रांत जुनी कालगणना आणि पोर्तुगीजांच्या कागदांत नवी वापरली जाते, त्यामुळे दोन्ही साधने शेजारी ठेवून अभ्यास करणाऱ्याने दहा दिवसांचा हा फरक आधी मिटवून घ्यावा. अन्यथा घटनेची खबर घटनेच्या आधीच पोहोचल्याचा चमत्कार कागदावर घडतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या रात्रीची तिथी चैत्र शुद्ध अष्टमी होती आणि महिना रमजानचा. शुद्ध अष्टमीचा अर्धचंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. म्हणजे छावणीपर्यंतची वाट चांदण्यात चालता आली आणि खुद्द कामाच्या वेळी अंधार मिळाला. हा योग मुद्दाम साधला होता की सहज जुळून आला, हे कोणत्याही कागदात लिहिलेले नसले तरी अभ्यासकाने तक्त्यात चंद्रास्ताची नोंद जरूर करावी. रमजानमुळे दिवसभराचा उपवास सोडून माणसे सुस्तावलेली असणे स्वाभाविक होते. ज्याचे वडील शायिस्ताखानाच्या नोकरीत होते तो इतिवृत्तकार खाफीखान सांगतो की मराठे मुदपाकखान्याच्या बाजूने आत शिरले आणि पहाटेच्या जेवणाच्या तयारीला लागलेल्या आचाऱ्यांना त्यांनी आधी गाठले.

नॉर्मंडीतही हिशेब याच धर्तीचा होता. छत्रीधारी सैनिकांना चांदणे हवे होते आणि किनाऱ्यावर उतरणाऱ्यांना पहाटेच्या सुमारास ओहोटी. जूनमध्ये हे दोन्ही ५, ६ आणि ७ तारखांनाच जुळत होते. हवा इतकी खराब झाली की जर्मनांनी त्या दिवसांत हल्ल्याची शक्यताच धरली नाही आणि तिथले जर्मन सेनापती रोमेल पत्नीच्या वाढदिवसासाठी घरी गेले. ज्या वादळाने दोस्तांना एक दिवस थांबवले त्यानेच त्यांचे काम सोपे केले.

रमजानबद्दल आणखी एक गोष्ट येथेच सांगायला हवी. १६६३ साली उपवासाचा महिना फसलेल्या पक्षाचा होता. १९७३ साली, इस्रायलचा योम किप्पूर हा ज्यूंचा उपवासाचा पवित्र दिवस असला तरी, रमजान हल्ला करणाऱ्यांचाही होता. दहाव्या रमजानला इजिप्तची फौज सुवेझ कालव्यापलीकडे गेली. स्वतःच्या उपवासाच्या महिन्यात शत्रू चढाई करणार नाही, असे मानणे किती धोक्याचे असते ते त्यावरून कळते. म्हणून सणावारांची नोंद दोन्ही बाजूंची घ्यावी.

सवय लावणारा चकवा

काही चकवे एका रात्रीत होत नाहीत, ते समोरच्याच्या अंगवळणी पाडले जातात. असा प्रकार ओळखण्यासाठी तक्त्यात मागे जाऊन एकसारख्या, निष्फळ वाटणाऱ्या हालचाली शोधाव्यात. इसवी सनपूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाची फौज आणि हत्ती पलीकडे उभे असताना सिकंदराने अनेक रात्री आपले घोडेस्वार काठाने वरखाली पळवले, रणवाद्ये वाजवली, आरडाओरडा करवला. पोरस आधी प्रत्येक आवाजाबरोबर हत्ती हलवत राहिला. नंतर त्याने ते सोडून दिले. त्याच वेळी सिकंदराने धान्याचे साठे करवून, नदीचे पाणी ओसरेपर्यंत आपण थांबणार असे भासवले. मग एका वादळी रात्री छावणीत क्रेटरस या सेनानीला ठेवून तो सुमारे २७ किलोमीटर वर गेला आणि झाडीने झाकलेल्या टोकाजवळून, मधल्या बेटाच्या आडोशाने नदी उतरला.

इजिप्तने १९७३ मध्ये याच पद्धतीने काम केले. राखीव सैनिकांना पुन्हा पुन्हा बोलवायचे आणि पुन्हा घरी पाठवायचे, कालव्याकाठी कवायती करायच्या, हे वर्षभर चालले. त्या वर्षीच्या मे महिन्यात इस्रायलने एकदा खरोखरच मोठ्या खर्चाने सैन्य जमवले आणि युद्ध झालेच नाही. ऑक्टोबरात तशाच खुणा दिसल्या तेव्हा पुन्हा तो खर्च करायला कोणी धजावेना. अगदी शेवटच्या दिवसांतही कालव्याच्या काठावर इजिप्शियन शिपाई शिरस्त्राण न घालता पोहताना आणि मासे पकडताना दिसत होते. अशा प्रकारात फसलेल्या पक्षाला ‘निष्काळजी’ म्हणणे सोपे असते. तो आधीच्या खोट्या धोक्यांना शहाणपणाने उत्तर देऊन थकलेला असतो, हे मात्र तक्त्यातच दिसते.

खबर उलट कशी येत होती

हूल दिल्यावर ती लागू पडली की नाही, हे फसवणाऱ्याला कसे कळत होते? हा प्रश्न विसरला की अभ्यास अर्धवट राहतो. १९४४ मध्ये ब्रिटिशांना जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडता येत होते. आपल्या खोट्या बातम्या जर्मन मुख्यालयात कशा वाचल्या जात आहेत हे त्यांना जवळजवळ बसल्या जागी दिसत होते. शिवाय हुआन पुजोल हा स्पॅनिश दुहेरी हेर, ज्याला ब्रिटिशांनी गार्बो हे टोपणनाव दिले होते, आपल्या हाताखाली २७ हेर आहेत असे जर्मनांना भासवत होता. ते सगळे काल्पनिक होते. ६ जूनच्या पहाटे त्याला हल्ल्याची खरी खबर मुद्दाम, पण उपयोग होणार नाही इतक्या उशिरा, पाठवायला परवानगी मिळाली. माद्रिदमधले जर्मन केंद्र त्या वेळी संदेश घ्यायला हजरच नव्हते. संदेश आणखी काही तास पडून राहिला आणि गार्बोवरचा विश्वास उलट वाढला, कारण चूक जर्मनांची ठरली! त्याने ९ जूनला कळवले की नॉर्मंडी ही हूल असून खरा हल्ला कॅलेवर होणार आहे. नॉर्मंडीकडे निघालेली एसएस या नाझी पक्षाच्या सैन्यदलाची पहिली पँझर (रणगाड्यांची) डिव्हिजन त्यानंतर थांबवली गेली. तो एकटाच निर्णायक ठरला का, यावर मतभेद होऊ शकतात. पण कॅलेजवळच्या पंधराव्या आर्मीचा बराचसा भाग जुलैच्या अखेरीपर्यंत तिथेच राहिला, याबद्दल नाही.

जुन्या मोहिमांत अशी सोय नव्हती; तिथे नजरबाज, व्यापारी, बैरागी, फितूर झालेले कारकून यांच्यामार्फत बातमी येत असे. लाल महालाच्या बाबतीत तर जागेची माहिती घरचीच होती. शिवाजी महाराजांचे बालपणीचे दिवस त्या वाड्यात गेले होते. दालने, दारे आणि भिंती त्यांना पाठ होत्या. अशा वेळी तिसऱ्या रकान्याच्या समासात खबर आणणाऱ्याचा धंदा लिहावा, नाव नसले तरी चालेल.

रंजक भागावर आधी संशय घ्यावा

कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलत्याच वाटेला लावले, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. ती टाकून द्यावी असे मी म्हणणार नाही, पण तक्त्यात तिला खऱ्या नोंदींच्या ओळीत बसवू नये. छाप्यानंतर काही दिवसांतच राजापूरच्या इंग्रज वखारीतून लिहिलेल्या पत्रात ४०० निवडक माणसे, काहीतरी निमित्त करून खानापर्यंत पोहोचणे, खानाचा मुलगा मारला जाणे, महाराजांची ६ माणसे पडणे आणि ४० जखमी होणे, एवढे तपशील आहेत. बैल त्यात नाहीत. शिवाय इसवी सनपूर्व २१७ मध्ये इटलीत कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमन सेनापती फेबियसच्या कोंडीतून सुटण्यासाठी सुमारे २००० बैलांच्या शिंगांना पेटत्या काटक्या बांधून नेमके हेच केल्याचे रोमन इतिहासात नोंदलेले आहे. एक गोष्ट दुसरीवरून उचलली असे यावरून सिद्ध होत नाही. मात्र शंकेची खूण करायला एवढे पुरे आहे.

लग्नाच्या वरातीचेही तसेच. खाफीखानाच्या कथनात वरातीची परवानगी कोतवालाकडून मिळवल्याची हकीकत आहे, इंग्रज पत्रात नुसते ‘निमित्त’ आहे. दोन्ही जशीच्या तशी, कोणाच्या नावावर आहेत ते सांगून, वेगवेगळी लिहावीत आणि मधला मार्ग काढण्याचा मोह टाळावा. साधन वाचताना लिहिणाऱ्याचा स्वार्थही पाहावा. जिंकलेल्या पक्षाचा लेखक युक्ती वाढवून सांगतो. हरलेल्याला गाफीलपणा झाकायचा असतो, म्हणून तो फितुरीवर बोट ठेवतो. मोगलांचे सरदार महाराजा जसवंतसिंग जवळच छावणी करून असताना हे घडले म्हणून त्यांच्यावर आलेला संशय याच चष्म्यातून तपासावा लागतो.

याच टप्प्यावर कायद्याचीही बाजू पाहून घ्यावी, पण तिच्यात गुंतून पडू नये. आजच्या युद्धविषयक नियमांत, विशेषतः जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पुरवणी करारात (प्रोटोकॉल), युद्धयुक्ती आणि विश्वासघात यांत फरक केलेला आहे. रंगलेपन करून लपणे, खोटे रणगाडे मांडणे, लटक्या हालचाली करणे आणि खोटी बातमी पसरवणे याला मुभा आहे. शरणागतीचे निशाण किंवा रेड क्रॉसचे चिन्ह दाखवून मग शस्त्र चालवणे हा गुन्हा आहे. हे नियम १६६३ किंवा १७२८ ला लावून निवाडा देत बसणे व्यर्थ आहे.

चकव्याने काय मिळवून दिले

शेवटच्या कागदावर दोन मापे लिहावीत: समोरच्याची चूक किती काळ टिकली, आणि त्या काळात हाती काय आले. नॉर्मंडीत चूक आठवडे टिकली आणि त्या आठवड्यांत किनाऱ्यावर पाय रोवता आले. लाल महालात चूक फार तर घटकाभर टिकली असेल. खानाची तीन बोटे गेली, मुलगा अबुल फत्ते मारला गेला, पण मोगली फौज जशीच्या तशी होती आणि पुण्याचा मुलूखही त्या रात्री सुटला नाही. तरीही खानाने काही दिवसांत पुण्याहून मुक्काम हलवला आणि औरंगजेबाने त्याची बंगालला रवानगी केली. भूमीच्या मापाने शून्य आणि वचकाच्या मापाने प्रचंड, असा हा छापा आहे. म्हणून फळाचा रकाना भरताना कोणते माप वापरले ते लिहावे. मागे राहिलेल्या जसवंतसिंगांनी पुढे कोंढाण्याला घातलेला वेढा उठवावा लागला आणि १६६४ च्या जानेवारीत महाराज सुरतेत होते, या दोन नोंदी लाल महालाच्या ओळीखालीच याव्यात.

उलट उदाहरणही तक्त्यात ठेवावे. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी पर्ल हार्बरला अमेरिकेला पूर्ण गाफील गाठले. पण विमानवाहू नौका त्या दिवशी बंदरात नव्हत्या, आणि तेलाच्या टाक्या व दुरुस्तीच्या गोद्या शाबूत राहिल्या. चूक खरी होती, मोठी होती, आणि तिच्यातून युद्ध जिंकता येईल असे काही हाती आले नाही. पालखेडशी ही ओळ ताडून पाहिली की फरक स्पष्ट होतो: बाजीरावांची प्रत्येक हूल निजामाला त्याच्या तोफांपासून, रसदेपासून आणि पाण्यापासून एकेक पाऊल दूर नेत होती आणि अखेर तहाच्या कलमांवर येऊन थांबली. स्वतःच्या तक्त्यात चौथ्या रकान्यातले निर्णय वरपासून खालपर्यंत सलग वाचावेत. ते फसलेल्या पक्षाला एकाच दिशेने ढकलत जाताना दिसले तर ती ठरवून आखलेली मोहीम समजावी. निर्णय विस्कळीत दिसले तर तो एकटादुकटा छापा मानून त्याच मापाने त्याची किंमत करावी, मग त्याची कथा कितीही गाजलेली असो.